प्राणवायू कमी, तरी गाठ जिवंत

कर्करोगाची गाठ म्हटली की बेबंद वाढणाऱ्या, शरीरातले अन्न ओरबाडून माजलेल्या पेशींचे चित्र डोळ्यांपुढे येते. मोठ्या आतड्यातल्या गाठीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर हे चित्र अर्धेच खरे असल्याचे लक्षात येते. गाठीच्या काही भागांत पेशी खरोखर जोमात असतात. पण आतल्या कित्येक भागांत त्या उपाशी असतात, गुदमरलेल्या असतात. काही मेलेल्या असतात, काही मरणाच्या कडेवर तग धरून असतात. रोग्याच्या दृष्टीने सगळ्यात घातक ठरतात त्या या तग धरणाऱ्या पेशी.

त्या गुदमरतात, कारण प्राणवायूची धाव फार थोडी असते. रक्तवाहिनीतून बाहेर पडलेला प्राणवायू वाटेतल्या पेशी वापरत जातात आणि जेमतेम दीड-दोन दशांश मिलिमीटर अंतरावर तो संपतो. ब्रिटनमध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे या दोन शास्त्रज्ञांनी १९५५ साली फुप्फुसाच्या कर्करोगाचे काप तपासून हे दाखवून दिले. रक्तपुरवठ्याच्या लगत जिवंत पेशींचा थर होता आणि त्यापलीकडे मृत पेशींचा गाळ. जिवंत थराची जाडी प्राणवायूच्या धावेशी जुळत होती. कालव्याला पाणी सुटले तरी टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला जे येते, तेच या थराच्या काठावरच्या पेशींच्या वाट्याला येते. निरोगी ऊतींमध्ये केशवाहिन्यांचे जाळे दाट आणि नेटके असते, त्यामुळे सहसा अशी वेळ येत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या मात्र वेड्यावाकड्या, गळक्या आणि मध्येच बंद पडणाऱ्या असतात.

ग्रे यांचा मूळ विषय किरणोपचार हा होता, आणि त्यांची ही तपासणी त्याच कारणासाठी होती. किरणांनी पेशीच्या डीएनएवर केलेला घाव कायम होण्यासाठी प्राणवायूची मदत लागते. प्राणवायू नसेल तर तेवढ्याच पेशी मारायला अडीच ते तीनपट मात्रा द्यावी लागते. केमोथेरपीची औषधेही रक्तातूनच येतात, म्हणजे जिथे प्राणवायू पोहोचत नाही तिथे औषधही अपुरे पोहोचते. उपचार संपल्यावर मागे उरतात त्या बहुतेकदा या कोपऱ्यातल्या पेशी, आणि पुढे आजार उलटला तर त्याची सुरुवात त्यांच्यापासून होऊ शकते.

मग प्राणवायूवाचून या पेशी जगतात तरी कशा? या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात ख्रिस पॅरास्केव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळेतून आला. त्यांनी बोट ठेवले ते एका संप्रेरकासारख्या रसायनावर. ते रसायन आपल्या शरीरात रोज तयार होते आणि ॲस्पिरिनची गोळी ते कमी करते.

प्राणवायूची कमतरता पेशीला कळते कशी

प्राणवायू कमी पडणे ही गोष्ट शरीराला नवी नाही. लडाखसारख्या उंच ठिकाणी काही आठवडे राहिले की रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. प्राणवायू घटल्याचे मूत्रपिंडांना कळते, ती एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक अधिक बनवतात आणि ते अस्थिमज्जेला कामाला लावते. पण मूत्रपिंडातल्या पेशीला हे कळते कसे? अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले ग्रेग सेमेंझा हा प्रश्न घेऊन एरिथ्रोपोएटिनच्या जनुकाभोवती शोध घेत होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना एक प्रथिन सापडले. प्राणवायू घटला की ते या जनुकाला जाऊन चिकटत होते. त्याचे संक्षिप्त नाव हिफ-१.

पुढचे कोडे ऑक्सफर्डचे पीटर रॅटक्लिफ आणि बोस्टनचे विल्यम केलिन यांच्या संशोधनातून उलगडले. पेशी हिफ-१ चा एक घटक सतत बनवत असते आणि सतत नष्टही करत असते. प्राणवायू पुरेसा असला की काही विकरे त्याच प्राणवायूचा उपयोग करून या घटकावर एक रासायनिक खूण उमटवतात. खूण उमटली की तो काही मिनिटांत मोडीत निघतो. प्राणवायू घटला की खूण उमटत नाही, घटक टिकतो, पेशीकेंद्रकात जातो, तिथे आपल्या जोडीदार प्रथिनाला भेटतो आणि शेकडो जनुके जागी करतो. या शोधासाठी तिघांना २०१९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हिफ-१ ने जागी केलेली जनुके संकटकाळात कामाला येणारी असतात. काही जनुके नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून व्हीईजीएफ हा संदेश पाठवतात. काही पेशीत अधिक ग्लुकोज खेचून घेतात आणि प्राणवायूशिवाय त्याचे विघटन करतात. हा मार्ग उधळा आहे. प्राणवायू वापरून एका ग्लुकोजपासून ऊर्जेचे सुमारे तीस रेणू मिळतात, तर त्याशिवाय निव्वळ दोन. तरीही दोन मिळतात म्हणून पेशी जगते.

मोठ्या आतड्याच्या अस्तराला तर या यंत्रणेची रोजची सवय आहे. आतड्याच्या पोकळीत अब्जावधी जिवाणू प्राणवायूवाचून राहतात. त्या पोकळीला लागून असलेल्या पेशी निरोगी अवस्थेतही कमी प्राणवायूत नांदतात आणि अस्तराची भिंत अभेद्य ठेवण्याच्या कामी हिफ-१ ची मदत घेतात. आतड्याच्या या पेशी कर्करोगाच्या वाटेला लागतात, तेव्हा टंचाईत जगण्याची तयारी त्यांच्या अंगी आधीच असते.

शेजारापुरते संप्रेरक

इन्शुलिन स्वादुपिंडात बनते आणि रक्तातून सगळ्या शरीरभर फिरते. काही संप्रेरके मात्र एवढा प्रवास करत नाहीत. ती ज्या पेशीत बनतात तिच्यावर आणि तिच्या शेजाऱ्यांवर काम करतात आणि लगेच नष्ट होतात. प्रोस्टाग्लँडिन हा अशा स्थानिक संप्रेरकांचा मोठा परिवार आहे. त्यातल्या प्रोस्टाग्लँडिन ई-२ शी, म्हणजेच पीजीई-२ शी, या लेखाचा संबंध आहे.

पेशीच्या आवरणात ॲराकिडोनिक आम्ल नावाचे स्निग्धाम्ल असते. गरज पडली की ते सुटे केले जाते आणि कॉक्स हे विकर त्याचे प्रोस्टाग्लँडिनमध्ये रूपांतर करायला सुरुवात करते. कॉक्सचे दोन मुख्य प्रकार आहेत. कॉक्स-१ बहुतेक ऊतींत बाराही महिने हजर असते. कॉक्स-२ एरवी फारसे नसते. जखम झाली, जंतुसंसर्ग झाला, दाह सुरू झाला की ते बनते. पीजीई-२ मुळे ताप चढतो, दुखरा भाग अधिक दुखतो, पण त्याच पीजीई-२ मुळे जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण होते, मूत्रपिंडांतला रक्तप्रवाह राखला जातो आणि आतड्यातली जखम भरून येते. जखम भरताना पेशी मरू नयेत, वाढाव्यात, तिथे रक्तवाहिन्या फुटाव्यात, हे सगळे शरीराला हवेच असते.

गाठीलाही नेमके हेच हवे असते. १९९४ साली अमेरिकेत रेमंड ड्युबॉय यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे नमुने तपासले. सुमारे ८५ टक्के कर्करोगांत कॉक्स-२ चे प्रमाण वाढलेले आढळले. कर्करोग होण्याआधीच्या अवस्थेतल्या, ॲडेनोमा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पॉलिपांतही जवळजवळ निम्म्यांत ते वाढलेले होते. दोन वर्षांनी जपानी शास्त्रज्ञांनी आतड्यात शेकडो पॉलिप होणाऱ्या उंदरांतून कॉक्स-२ चे जनुक काढून टाकले, तेव्हा पॉलिपांची संख्या कित्येक पटींनी घटली. कॉक्स-२ गाठीच्या वाढीला हातभार लावते हे आता स्पष्ट झाले होते. पण दाह नाही, जखम नाही, अशा ठिकाणी गाठीत ते इतके बनते कशामुळे?

स्वतःला पोसणारे चक्र

ब्रिस्टलच्या गटाने २००६ साली या प्रश्नाला प्राणवायूच्या बाजूने हात घातला. मोठ्या आतड्याच्या गाठींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी त्यांनी कमी प्राणवायूत ठेवल्या. पेशींमधले कॉक्स-२ वाढले, पाठोपाठ पीजीई-२ वाढले. कारण शोधताना कॉक्स-२ च्या जनुकाच्या सुरुवातीला हिफ-१ बसण्याची जागा सापडली, आणि हिफ-१ तिथे प्रत्यक्ष जाऊन बसते हेही दिसले. म्हणजे प्राणवायूची टंचाई हाच कॉक्स-२ वाढण्याचा एक थेट हुकूम होता. त्यासाठी दाहाची गरज नव्हती. या पीजीई-२ मुळे टंचाईतही पेशी टिकून राहत होत्या.

या संशोधनाची खरी उंची त्याच्या दुसऱ्या निष्कर्षात आहे. हिफ-१ मुळे वाढलेले पीजीई-२ पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राही प्रथिनांना चिकटून आत संदेश पाठवते, आणि त्या संदेशामुळे हिफ-१ ची कार्यक्षमता आणखी वाढते. सेमेंझा यांच्या प्रयोगशाळेने २००३ मध्ये याला पूरक गोष्ट दाखवली होती. आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींना पीजीई-२ दिले की हिफ-१ वाढते आणि त्याच्यामार्फत व्हीईजीएफही वाढते. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले की चक्र पूर्ण होते. टंचाईमुळे हिफ-१, हिफ-१ मुळे कॉक्स-२, कॉक्स-२ मुळे पीजीई-२ आणि पीजीई-२ मुळे पुन्हा हिफ-१. निरोगी शरीरात संकट सरले की ही यंत्रणा थंडावते. गाठीत संकट सरतच नाही. नव्या फुटलेल्या रक्तवाहिन्या सदोष असतात, पेशी वाढतच राहतात, म्हणून टंचाईही कायम राहते आणि चक्र फिरत राहते.

त्याच गटाने २००७ साली आणखी एक बारकावा समोर आणला. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांची सुरुवात एपीसी नावाच्या जनुकातल्या बिघाडाने होते. त्या बिघाडामुळे बीटा-कॅटेनिन हे प्रथिन साठत जाते आणि पेशीला सतत विभाजनाचा आदेश देत राहते. प्राणवायू घटल्यावर हिफ-१ या बीटा-कॅटेनिनला विभाजनाच्या कामावरून आपल्याकडे ओढून घेते. पेशीचे विभाजन मंदावते आणि तिचा सगळा भर तगून राहण्यावर येतो. वाढ आणि तग यांच्यात परिस्थितीनुसार अशी अदलाबदल करता येणारी पेशी मारायला अवघड असते, कारण केमोथेरपीची अनेक औषधे विभाजन करणाऱ्या पेशींवरच जास्त परिणाम करतात.

पीजीई-२ चा साठा दुसऱ्या बाजूनेही वाढतो. हे रसायन निकामी करण्यासाठी शरीरात एक स्वतंत्र विकर असते, आणि मोठ्या आतड्याच्या अनेक कर्करोगांत तेच घटलेले असते. उत्पादन वाढते आणि विल्हेवाट थांबते. शिवाय पीजीई-२ रोगप्रतिकारक पेशींना शांत करते. गाठीवर चाल करून जायला हव्यात त्या टी-पेशी आणि नैसर्गिक मारक पेशी त्याच्या सान्निध्यात थंड पडतात. एकच रसायन गाठीतल्या पेशीला मरू देत नाही, तिच्यासाठी रक्तवाहिन्या मागवते आणि तिला पहारेकऱ्यांपासून वाचवते. या साऱ्यात कर्करोगाने स्वतः नवे काहीच शोधलेले नाही. जखमेसाठी आणि टंचाईसाठी शरीराने बनवलेली यंत्रणा त्याने बळकावली आणि ती थांबण्याची सोय काढून टाकली.

चक्र तोडायचे कुठे

चक्राला जितके दुवे, तितक्या जागी ते तोडता येण्याची शक्यता असते. सगळ्यात जुना उपाय माणसाच्या हाती अभावितपणे आला. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते, हे ब्रिटनचे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. प्रोस्टाग्लँडिनवरच्या संशोधनासाठी १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. १९८८ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न इथे गॅब्रिएल क्यून यांनी आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांची आणि निरोगी लोकांची औषधे घेण्याची सवय ताडून पाहिली. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत हा कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. पुढच्या अनेक अभ्यासांत हाच कल दिसला.

मग केवळ कॉक्स-२ रोखणारी औषधे आली आणि आशा उंचावली. त्यातले रोफेकॉक्सिब पॉलिपांची पुनरावृत्ती टाळते का, हे पाहण्यासाठी चाचणी सुरू होती. त्याच चाचणीत औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचे आणि पक्षाघाताचे प्रमाण जवळपास दुप्पट आढळले आणि सप्टेंबर २००४ मध्ये औषध जगभरातून मागे घेण्यात आले. कॉक्स-२ गाठीत जसे काम करते तसेच ते रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही करते, आणि तिथे त्याची गरज असते. बळकावलेली यंत्रणा मूळची आपलीच आहे. ती सरसकट बंद केली, तर त्याची किंमत निरोगी अवयवांना मोजावी लागते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेत बेव्हॅसिझुमॅब या औषधाला परवानगी मिळाली होती. ते व्हीईजीएफला अडवते. शरीरात पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीला ते दिल्यावर रुग्णांचे मध्यक आयुर्मान १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेले. हा फायदा खरा होता, पण रोग बरा झाला नाही. रक्तवाहिन्या तोडल्या की प्राणवायूची टंचाई आणखी वाढू शकते, आणि टंचाई वाढली की हिफ-१ जोर धरते. चक्राचा एक दुवा तोडताना दुसरा घट्ट होऊ शकतो, हे ध्यानात ठेवूनच औषधांची जोडणी करावी लागते.

म्हणून आता प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली आहे. औषध चांगले की वाईट, यापेक्षा कोणासाठी चांगले, हे शोधले जाते. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक अवस्थेत आतड्याच्या कर्करोगाचा धोका खूप मोठा असतो. ब्रिटनमधल्या जॉन बर्न यांच्या नेतृत्वाखाली अशा ८६१ व्यक्तींवर चाचणी झाली. निम्म्यांना रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले गेले. सरासरी दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर ॲस्पिरिनच्या गटात ९ टक्के लोकांना आतड्याचा कर्करोग झाला, दुसऱ्या गटात १३ टक्के लोकांना. २०२५ मध्ये स्वीडनमधून आणखी नेमका पुरावा आला. शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या गाठीत पीआयके३सीए या जनुकात ठरावीक बदल होता, त्यांना तीन वर्षे रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यावर रोग उलटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले.

कमी मात्रेतले ॲस्पिरिन नेमके कोणत्या वाटेने काम करते, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. इतक्या कमी मात्रेचा मुख्य परिणाम रक्तबिंबिकांमधल्या कॉक्स-१ वर होतो, असे अनेकांचे म्हणणे आहे. या बिंबिकांना केंद्रक नसल्यामुळे एकदा निकामी झालेले विकर त्या पुन्हा बनवू शकत नाहीत. त्यांच्यातून सुटणारी रसायने कमी झाली की गाठीचे बळ घटते आणि टी-पेशींवरचा दाब हलका होतो, असे दिसते. म्हणजे प्राणवायूचे चक्र ही या कथेची एक महत्त्वाची बाजू आहे. कथा त्याहून मोठी आहे.

एक इशारा मात्र ठळकपणे द्यायला हवा. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९ हजारांहून अधिक निरोगी वृद्धांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांत मोठे रक्तस्राव वाढले आणि कर्करोगाने होणारे मृत्यूही कमी न होता थोडे अधिक दिसले. पाठीशी नेमके कारण असलेल्या रुग्णाला जी गोळी तारते, ती शेजारच्या निरोगी माणसाला त्रासदायक ठरू शकते. हा लेख वाचून कुणीही स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन सुरू करू नये, आणि हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेले बंदही करू नये.

पॉलिपाच्या टप्प्यावर

ॲडेनोमापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास साधारणपणे दहा वर्षांचा किंवा त्याहून लांबचा असतो. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढली की तिला स्वतःच्या रक्तपुरवठ्याची गरज भासू लागते, आणि कॉक्स-२ ची वाढ तर निम्म्या ॲडेनोमांमध्येच दिसू लागलेली असते. याचा अर्थ, वर सांगितलेले चक्र कर्करोग होण्याआधीच जुळू लागते. पण त्याच काळात ते मोडण्याचा सर्वांत खात्रीचा मार्गही उपलब्ध असतो. कोलोनोस्कोपीत पॉलिप दिसला की त्याच वेळी तो काढून टाकता येतो. अमेरिकेत ॲडेनोमा काढलेल्या लोकांचा दीर्घकाळ मागोवा घेतला, तेव्हा आतड्याच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सर्वसाधारण लोकसंख्येत अपेक्षित असलेल्यांपेक्षा ५३ टक्क्यांनी कमी आढळले.

जगात २०२२ मध्ये मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे नऊ लाख लोक त्याने दगावले. भारतात हे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी आहे. आपल्या राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांचाच समावेश आहे, त्यामुळे आतड्याच्या बाबतीत जागे राहण्याची जबाबदारी प्रत्येक घरावर येते. शौचातून रक्त पडले की आपल्याकडे मूळव्याध ठरवून मोकळे होण्याची, मलम आणि घरगुती काढ्यावर महिने काढण्याची सवय आहे. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. पण रक्त पुन्हा पुन्हा दिसत असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, विनाकारण वजन घटत असेल किंवा पुरुषाला वा पाळी थांबलेल्या स्त्रीला कारण न कळता रक्तक्षय झाला असेल, तर तपासणी करून घ्यायलाच हवी. कुटुंबात कुणाला तरुण वयात हा कर्करोग झाला असेल, तर घरातल्या इतरांनी लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे.

टंचाईत तगायला शिकलेली पेशी मारण्याची औषधे सुधारत जातील, आणि कोणत्या रुग्णात चक्राचा कोणता दुवा तोडायचा हेही अधिक नेमकेपणाने कळेल. तोवर आणि त्यानंतरही, त्या पेशीला तग धरायला शिकण्याएवढा वेळच न देणे हा उपाय आपल्या हातात आहे, आणि लाज, भीती किंवा आळस यांपायी तो दवडू नये.